लेकी की जवान?

रावेरजवळच्या आमच्या गावात ग्रामसभेच्या नोटिशीवर एक विषय होता : ‘सैन्यात भरती झालेल्या गावच्या लेकींचा सत्कार करणेबाबत.’ मागे मुलं भरती झाली तेव्हा याच फळ्यावर ‘जवानांचा सत्कार’ लिहिलं होतं. ‘लेकी’ हा एक शब्द मला दिवसभर खुपत राहिला.

माझे चुलते, नाना, निवृत्त सुभेदार. केळीच्या बागेत घड उतरवणं चाललं होतं, तिथेच बांधावर मी त्यांना म्हणाले, “हा ठराव मांडूच नये.” नाना म्हणाले, “लेक म्हटलं तर कमीपणा कुठे आला? गाव कौतुक करतंय, करू द्यावं.”

कौतुक! माझं भांडण आहे ते याच शब्दाशी. कौतुक अनपेक्षिताचं असतं, मान कामाचा. पोरीने पहिल्यांदा गाडी हाकली की कौतुक होतं. रोज हाकणाऱ्याला मान द्यायचा तर तो कुठून कुठे, काय ओझं नेतो हे माहीत असावं लागतं. या मुलींचं दल कुठलं, हुद्दा कोणता, प्रशिक्षण कुठे झालं, हे नोटिशीत नव्हतं. नावंही नव्हती.

सैन्यातल्या परिचारिका, डॉक्टर, 1992 नंतरच्या अधिकारी, 2021 च्या मे महिन्यात बंगळुरूहून बाहेर पडलेली सैन्य पोलिसांतल्या 83 जणींची पहिली तुकडी, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. सेना अधिनियम 1950 चं बारावं कलम मात्र फारसं कोणी वाचत नाही. त्यानुसार नियमित सैन्यात भरतीला स्त्री पात्र नाही. केंद्र सरकार अधिसूचनेने सांगेल तेवढ्या दलांपुरती सूट. संसदेने केलेल्या कायद्यात बाई अजून अपवाद म्हणूनच उभी आहे. अपवादाचं कौतुकच होणार.

आमच्या घरी प्रतिभाताई पाटलांचा एक फोटो बरीच वर्षं कपाटाच्या काचेला चिकटवलेला होता. बोदवड तालुक्यातल्या नाडगावची लेक, राष्ट्रपती म्हणून तिन्ही दलांची सर्वोच्च सेनापती, आणि 25 नोव्हेंबर 2009 रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोईत बसलेली. आईने तो कात्रीने कडा सरळ धरून कापला होता. त्या उड्डाणाच्या दिवशी वायुदलात एकही स्त्री लढाऊ वैमानिक नव्हती. पहिल्या तिघी आल्या जून 2016 मध्ये. फोटोचा अभिमान आजही आहे, पण सोहळा झाला म्हणजे वाट मोकळी झाली, असं मी त्यानंतर कधी मानलं नाही.

म्हणूनच सत्काराविरुद्ध चार ओळी लिहायला बसले आणि 17 फेब्रुवारी 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुन्हा काढला. बबिता पुनिया खटला, महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन देणारा. त्यात सरकारचा युक्तिवाद नोंदवला आहे : जवान बहुतेक ग्रामीण भागातून येतात, महिला अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करण्याची त्यांच्या मनाची अजून तयारी झालेली नाही. न्यायालयाने तो फेटाळला. पण मी त्या वाक्यापाशी अडले. हे आमच्याबद्दल म्हटलं होतं. नानांबद्दल.

दिल्लीत कोणी गावाच्या मनाची साक्ष काढत असेल, तर गावाने आपलं म्हणणं मांडायचं कुठे? आमच्याकडे त्यासाठी ग्रामसभेचं इतिवृत्तच आहे. म्हणजे ठराव हवाच. ‘लेकी’ खोडून ‘जवान’ लिहावं, पुढे नाव, दल, हुद्दा यावा. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे हा मजकूर पक्का करता येईल. सूचक त्या सभेतली हवी. अनुमोदकही बाईच हवी, असं मी संध्याकाळपर्यंत म्हणाले असते.

संध्याकाळी नानांना ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “लष्करी इस्पितळात आमची डॉक्टरीण मेजर होती. सॅल्यूट ठोकायचो, सांगेल ते ऐकायचो. मनाची तयारी झाली का, असं कोणी विचारलं नव्हतं आम्हाला.”

थोडा वेळ ते गप्प बसले.

“अनुमोदक म्हणून माझं नाव लिही. हुद्द्यासकट.”