आधी विचार, मग मशीन लाव

फाईल मिटू नकोस. मोठ्याने वाच, सगळ्या इंटर्नना ऐकू दे. ‘कंबरदुखी, दोन महिने. शॉर्टवेव्ह आणि आयएफटी, सात दिवस.’ संपलं? मावशींचं दोन महिन्यांचं दुखणं दीड ओळीत उरकलंस, पॅड बांधलेस आणि मोबाईल काढून बसलीस?

८ सप्टेंबरला, फिजिओथेरपी दिनाला, स्टेजवर कोण बोलत होतं गं? ‘ऑस्ट्रेलियात १९७६ मध्येच डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट गेली, इंग्लंडमध्ये तर फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पहिली तपासणी फिजिओ करू शकतो, मग आम्हीच चिठ्ठीची वाट का बघायची?’ टाळ्या मीही वाजवल्या. मागणी रास्तच आहे. मान धरली, घोटा मुरगळला, गुडघा कुरकुरला, तर माणसाने आधी आपल्याकडेच यावं. चार वर्षं दुसरं काय शिकलीस? पण आज मावशी चिठ्ठीशिवायच आल्या होत्या. तू मागत होतीस तो मान आपल्या पायांनी चालत येऊन स्टुलावर बसला. त्याचं काय केलंस?

मी मावशींना काय विचारलं ते ऐकलंस ना? रात्री पडून राहिलं तरी दुखतं का? दुखतं. ताप? ‘संध्याकाळची कणकण येते.’ वजन त्यांनी कधी केलेलं नाही, म्हणून पोलक्याकडे बघितलं. बाजूची शिवण दोनदा आत घेतलेली. मग एकेका मणक्यावर बोट टेकवत गेले आणि एका मणक्याशी त्या कळवळल्या. क्षय असेल, गाठ असेल, आणखी काही असेल. ते एक्स-रे, एमआरआय, रक्ततपासणी ठरवेल. आणि तिथे तू शेक देत होतीस! क्षयाच्या जागेवर शॉर्टवेव्ह देऊ नये, हे पेपरात लिहून मार्क मिळवलेस ना? ते ज्ञान काय परीक्षा हॉलमध्येच ठेवून आलीस?

चिठ्ठी घेऊन पेशंट येतो, तेव्हा निदान कुणीतरी त्याला आधी बघितलेलं असतं. चिठ्ठी गेली की ते कुणीतरी म्हणजे तू. बहुतेकांची कंबर साधीच दुखते, म्हणून तर एखादा निसटतो. लघवी अडलीय, बसायची जागा बधिर झालीय, दोन्ही पाय लुळे पडताहेत? व्यायाम शिकवू नकोस, त्याच घटकेला कॅज्युअल्टीत पाठव. जिना चढताना डावा खांदा भरून येतो, पण हात कसाही फिरवला तरी दुखत नाही? आधी ईसीजी. एकच पोटरी सुजून गरम झालीय? चोळू नकोस, शिरेत गुठळी असू शकते. ‘मॅडम, लघवीचं कसं विचारायचं?’ म्हणे. तोंडाने!

पुस आता डोळे. मावशी बाहेर बाकावर बसल्यात. ऑर्थोला पत्र लिही. ‘कृपया पाहावे’ असलं गुळमुळीत नको. काय विचारलं, काय सापडलं, कशाची शंका येते, ते नीट चार ओळींत लिही, मला दाखव आणि स्वतः त्यांच्याबरोबर जा. नावाआधी ‘डॉ.’ लावायचं की नाही यावरून आपण फिजिओ केव्हाचे भांडतोय. समोरचा डॉक्टर तुझं नाव शेवटी वाचेल. आधी त्या चार ओळी वाचेल.