चॅरिटी : प्रेम, दान की न्याय?

इंग्लंडच्या जेम्स राजाच्या आज्ञेने १६११ साली छापलेले बायबल वाचणारा आजचा माणूस करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायापाशी हमखास अडखळतो. संत पौल तिथे म्हणतो की, एखाद्याने आपली सगळी मालमत्ता गोरगरिबांच्या मुखी घातली, पण त्याच्यापाशी ‘चॅरिटी’ नसेल, तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही. आज चॅरिटी म्हणजे दानधर्म. मग सर्वस्व दान करणाऱ्यापाशी दानधर्म नाही, हे कसे?

छपाईची चूक नाही, पौलाचा घोटाळाही नाही. त्याने ग्रीकमध्ये लिहिलेला शब्द होता ‘अगापे’, म्हणजे प्रेम. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमच्या काळात तयार झालेल्या लॅटिन बायबलात त्या जागी ‘कारितास’ आला. लॅटिनमध्ये या शब्दाला दोन अंगे होती : वस्तूचे मोल आणि माणसाविषयीचा जिव्हाळा. फ्रेंचमधून तो इंग्रजीत उतरला आणि चौदाव्या शतकात विक्लिफच्या अनुयायांनी केलेल्या इंग्रजी बायबलात ‘चॅरिटी’ म्हणून स्थिरावला. तोवर लोकांच्या बोलण्यात मात्र त्याचा अर्थ भिक्षा आणि दान यांच्याकडे कलू लागला होता.

या कलण्यावर पहिला मोठा आक्षेप घेतला धर्मसुधारक विल्यम टिंडेल याने. त्याचा इंग्रजी नवा करार १५२६ साली जर्मनीतील वर्म्स इथे छापला गेला आणि कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून इंग्लंडमध्ये पोचला. लंडनच्या बिशपने त्याच्या प्रती जाळल्या. टिंडेलने चॅरिटी काढून साधा ‘लव्ह’ घातला होता. जुन्या चर्चचा कैवारी सर टॉमस मोर संतापला. १५२९ साली त्याने मोठा ग्रंथ लिहून टिंडेलच्या ज्या तीन शब्दांवर मुख्य हल्ला केला, त्यांतला हा एक. उरलेले दोन धर्मगुरू आणि चर्च यांच्याविषयीचे. मोरचे म्हणणे असे की, लव्ह हा फार सैल शब्द आहे. वासनेलाही लोक लव्ह म्हणतात. देवाकडे वळलेल्या, शुद्ध, सात्त्विक प्रेमासाठी चर्चने राखून ठेवलेला शब्द टाकून देणे म्हणजे त्या प्रेमाची पातळी खाली आणणे.

टिंडेलने १५३१ साली उत्तर दिले, आणि ते आजही वाचण्यासारखे आहे. बोलीतला चॅरिटी कधी भिक्षा दाखवतो, कधी दया, कधी भांडण मिटवून नांदणे. पौलाला हवा असलेला अर्थ त्यात सामान्य माणसाला सापडतच नाही. माणसाचे देवावर लव्ह असते असे लोक म्हणतात, चॅरिटी असते असे कोणी म्हणत नाही. आणि शब्द सैल असल्याने काही बिघडत नाही, कारण ग्रीकांचा अगापेही तितकाच सैल होता. कोणते प्रेम अभिप्रेत आहे ते आजूबाजूची वाक्ये सांगतात.

दोघेही प्राणपणाने बोलत होते. राजाला चर्चचा प्रमुख मानायला नकार दिल्याबद्दल मोरचा १५३५ साली शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी ब्रसेल्सजवळ व्हिलवोर्डे इथे टिंडेलला गळा आवळून मारले आणि त्याचे शव जाळले.

वाद शब्दाचा दिसत असला तरी त्याच्या पोटात मोक्षाचा प्रश्न होता. मरताना इस्टेट दान करायची, बदल्यात आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणवून घ्यायच्या, ही मध्ययुगीन युरोपातली रूढ वाट होती. चॅरिटी म्हणजे दान असे लोकांनी धरले, तर श्रीमंताला स्वर्ग विकत घेता येतो, ही धर्मसुधारकांची धास्ती. प्रेम नुसते मनात राहिले तर भुकेल्याच्या ताटात काय पडणार, ही जुन्या चर्चची काळजी. तेराव्या शतकातल्या टॉमस अक्वायनसची मांडणी या दोहोंपेक्षा अधिक समंजस वाटते. त्याच्या मते चॅरिटी म्हणजे माणसाचे देवाशी असलेले सख्य, आणि दान हे त्या सख्यातून होणाऱ्या अनेक कृत्यांपैकी एक. म्हणजे दान हे फळ. त्यालाच झाड समजू नये.

१६११च्या पंडितांनी मधला मार्ग काढला. देव प्रेम आहे असे योहान म्हणतो तिथे त्यांनी लव्ह ठेवला आणि पौलाच्या अध्यायात चॅरिटी परत आणली. १८८१च्या सुधारित आवृत्तीत तिथेही लव्ह आला. १९९७ साली राजकन्या डायनाच्या अंत्यविधीत टोनी ब्लेअर यांनी हाच अध्याय लव्ह शब्दाने वाचला. इंग्रजी लग्नांतही तो नेहमी वाचला जातो, त्यामुळे आता तो नवरा-बायकोच्या प्रेमाचा वाटू लागला आहे. मोरची भीती अगदीच खोटी नव्हती.

दरम्यान चॅरिटी कायद्याच्या हाती गेली. एलिझाबेथ राणीच्या १६०१च्या कायद्यात धर्मादाय कामांची यादी आहे : वृद्धांना मदत, जखमी सैनिकांची देखभाल, शाळा, पूल, बंदरे, गरीब मुलींची लग्ने. १८९१ साली पेमसेल खटल्यात लॉर्ड मॅकनॉटन यांनी त्याचे चार गट केले : दारिद्र्यनिवारण, शिक्षण, धर्म आणि समाजाच्या हिताची इतर कामे. देणाऱ्याच्या मनात प्रेम होते की नावाची हाव, हे न्यायालय विचारत नाही. लोकांचे भले झाले का, एवढेच पाहते.

कायद्याने तसे करणे योग्यच आहे. मन तपासण्याचे यंत्र त्याच्याकडे नाही. पण धर्माने आणि तत्त्वज्ञानाने तो प्रश्न सोडता कामा नये. तत्त्वज्ञ कांटने १७८५ साली तो नेमका मांडला. भावना हुकमाने येत नाही, मग शेजाऱ्यावर प्रेम करा ही आज्ञा कशी असू शकते? त्याचे उत्तर असे की, आज्ञा आहे ती कृतीतल्या प्रेमाची. आवडत नसलेल्याचेही कर्तव्य म्हणून भले करण्याची. हे उत्तर पौलाच्या फार जवळ जाते. त्या अध्यायातल्या प्रेमात उमाळा फारसा नाही. धीर धरणे, मत्सर न करणे, फुशारकी न मारणे, दुसऱ्याच्या चुकांचा हिशेब न ठेवणे हे सगळे वागण्यातले गुण आहेत. म्हणून प्रेमाशिवाय दान पोकळ, याचा अर्थ डोळे पाणावल्याशिवाय दान पोकळ असा नाही. घेणाऱ्याला कमी लेखून दिलेले दान पोकळ.

घेणाऱ्याला हे लगेच कळते. चॅरिटीसारखे थंड, असा वाक्प्रचार इंग्रजीत उगीच रुजलेला नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ साली दाखवून दिले की, देणगी परतफेडीचे ओझे घेऊनच येते आणि परत न करता येणारी देणगी घेणाऱ्याला खाली ढकलते. ज्यू परंपरेत दानाला ‘त्सदाका’ म्हणतात. त्याचे मूळ न्याय, नीती या अर्थाच्या धातूत आहे. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीजने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सगळ्यांत वरची पायरी अशी : गरजू माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करायचे की, त्याला पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागू नये.

मराठी बायबलाने त्या अध्यायात ‘प्रीती’ हा शब्द ठेवला, दान नव्हे. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस टिंडेलच्या बाजूला राहिला. कायद्यातली चॅरिटी मात्र महाराष्ट्रात ‘धर्मादाय’ झाली. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय चालते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तिथे जाणारा रुग्ण कोणाची मेहेरबानी मागत नसतो. ओळखीत असा कोणी असेल, तर उत्पन्नाची कागदपत्रे घेऊन त्याच्यासोबत जा आणि ही खाट त्याचा हक्क आहे हे त्याला आधीच सांगा.