शुश्रूषेला नुसती माया पुरते काय?



घरात कोणी अंथरुणाला खिळले की पूर्वी आपली माणसे भगताकडे जात. तो काही पुटपुटे, अंगारा देई. काय पुटपुटला हे कोणी विचारीत नसे. ते सारे आपण सोडले. पण दवाखान्यात डॉक्टर "क्रॉनिक आहे" म्हणतात तेव्हा आपण "बरं साहेब" म्हणतो आणि बाहेर येऊन एकमेकांची तोंडे पाहतो. डॉक्टरांचे शास्त्र खरे आहे, हा फरक मोठाच. परंतु न समजलेला शब्द आपल्यापुरता मंत्रच राहिला ना? (क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चालणारा आजार. मधुमेह क्रॉनिकच असतो. माणूस जगणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.)

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची कथा आहे. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून मंचकावर निजवले. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची करावी, असे त्यांनी संघाला बजावले. हे तुम्ही विहारात ऐकले असेल. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुणही दिले आहेत. किळस न करणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, हे त्यांत आहेच. पण औषध तयार करता येणे, रोग्याला काय चालते आणि काय चालत नाही हे कळणे, हेही आहे. मैत्रीच्या जोडीला माहितीही मागितली आहे.

का मागितली असेल? एक उदाहरण घ्या. शस्त्रक्रियेच्या आधी खाटेवर 'एन.बी.एम.' अशी पाटी लावतात. म्हणजे तोंडाने काहीही द्यायचे नाही. आई उपाशी आहे म्हणून मुलगी मायेने घोटभर दूध पाजते. भूल दिल्यावर पोटातले ते दूध उलटून फुफ्फुसात जाऊ शकते; जिवावर बेतते. मुलीच्या मनात मैत्रीच होती. कमी पडला तो एका शब्दाचा अर्थ, आणि तो तिला कोणी सांगितला नाही, हा दोष तिचा एकटीचा नव्हे.

चिठ्ठीवरचे शब्दही असेच. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. दोनदा, टी.डी.एस. तीनदा, एच.एस. झोपताना. एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच. मात्र दोन गोळ्यांत किती तासांचे अंतर, दिवसात जास्तीत जास्त किती, हे विचारल्याशिवाय उठू नका. 'बेडसोर' म्हणजे एकाच कुशीवर पडून होणारी जखम. दर दोन तासांनी कूस बदलावी, असे सांगतात ते यासाठी. लघवीची नळी म्हणजे कॅथेटर. तिची पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकत ठेवावी, नाहीतर लघवी उलटी जाते.

हे सगळे बहुतेक घरांत सुनेने करायचे आणि डॉक्टरांशी बोलायचे मात्र पुरुषांनी, ही रीत कुठून आली? जी रात्री उठून कूस बदलते तिला आत न्या. तिला प्रश्न विचारू द्या. सिस्टरांना विचारायलाही लाजू नका. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने वा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास उपचाराचे कागद ७२ तासांत द्यावे लागतात. ती भीक नव्हे.

एका शब्दाने मात्र घरे खचतात: 'पॅलिएटिव्ह केअर'. आता काही करण्यासारखे उरले नाही, असा त्याचा अर्थ लावून माणसे रोग्याला घरी आणतात आणि तो कण्हत पडतो. खरे तर दुखणे, दम लागणे, मळमळ कमी करण्याचे हे उपचार आहेत; आजार बरा होणारा नसला तरी ते करता येतात, आणि मूळ उपचारांच्या बरोबरीनेही चालतात. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला तर घरी परतण्याआधी एवढे विचारा: हे उपचार कोठे मिळतात आणि रात्री दुखणे वाढले तर काय द्यायचे?