वसुलीचा धर्म

देहूच्या तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, भावाचा वाटा भावाकडे ठेवला, अशी परंपरा आहे. वाटणीचा हा तपशील सहसा विसरला जातो. सोडले ते स्वतःचेच येणे.

ऋण फेडणे धर्म असेल, तर वसुलीला धर्म नसतो का?

धर्मशास्त्राने तो मानला होता. दामदुपटीच्या नियमाने एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नसे. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंना लागू केला. तरीही १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या नि खते जाळली. मग कुठे सरकार हलले आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला.

आता तगादा फोनवर येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या परिपत्रकानुसार थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास, सगळे वर्ज्य. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी बँकेचीच, हे कर्जदाराला कुणी आवर्जून सांगत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. कर्ज मात्र उरतेच.