वण, इच्छा आणि अट

स्ट्रेच मार्क्सबद्दल फोनवर दोन प्रकारची माणसं माझ्याशी बोलतात. पहिली म्हणतात, चार आठवड्यांत घालवून देऊ. दुसरी म्हणतात, घालवू नकोस, त्यांच्यावर प्रेम कर, या तर तुझ्या वाघिणीच्या रेषा. पहिल्यांना माझे पैसे हवे असतात. दुसऱ्यांना काय हवं असतं, हे कळायला मला जास्त वेळ लागला.

माझ्या मांड्यांवर आणि कमरेवर हे वण तेराव्या-चौदाव्या वर्षी आले. उंची भराभर वाढली, एवढंच कारण. अशा वेळी कातडीचा वरचा थर शाबूत राहतो, पण खालच्या थरातले कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू ताणाने विस्कटतात. सुरुवातीला रेषा लालसर, जांभळट किंवा सावळ्या अंगावर गडद तपकिरी दिसतात. पुढे त्या फिक्या, थोड्या खोलगट होतात. गरोदरपणात अर्ध्याहून अधिक बायकांना येतात, वयात येणाऱ्या मुलांच्या पाठीवर आडव्या उमटतात, जिमला जाणाऱ्यांच्या दंडांवर दिसतात. कोणाला येणार हे बरंचसं घराण्याच्या रक्तावर ठरतं. काही कारण नसताना अचानक रुंद, जांभळे वण आले तर मात्र डॉक्टरांना दाखवावं, कारण क्वचित ते हार्मोनच्या आजाराचं लक्षण असतं.

ही चिंता इन्स्टाग्रामने आणली असं म्हणणं सोपं आहे. पण चरकसंहितेच्या शारीरस्थानात, गर्भिणीच्या सातव्या महिन्याच्या वर्णनात ‘किक्किस’ भेटतं. बायका म्हणतात, गर्भाला केस फुटतात म्हणून आईची जळजळ होते. आत्रेय म्हणतात, तसं नाही, गर्भाच्या दाबाने दोष वर सरकतात, त्यातून खाज सुटते आणि खाजेतून किक्किस होतं. उपायांमध्ये चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप आहे, आणि खाजवू नये असा सल्ला आहे, का तर कातडी फाटून विद्रूपता येऊ नये. पोटाला खोबरेल चोळत ‘खाजवू नकोस गं, वण राहतील’ म्हणणाऱ्या आज्या त्याच वाटेवरच्या. म्हणजे नितळ कातडीची इच्छा बाजाराने जन्माला घातलेली नाही. बाजाराने फक्त तिच्या दारात दुकान थाटलं.

म्हणून मला पहिला नैतिक प्रश्न इच्छेचा वाटत नाही, खरेपणाचा वाटतो. गरोदरपणात लावायच्या तेला-क्रीमांवरच्या ६ चाचण्यांचा, ८०० बायकांचा आढावा कोक्रेन संस्थेने २०१२ साली घेतला. लावल्याने वण टळतात असा भक्कम पुरावा त्यात मिळाला नाही. ट्रेटिनॉइन ताज्या, लाल रेषांवर थोडं काम करतं, पण ते गरोदरपणात चालत नाही. लेझर आणि मायक्रोनीडलिंगने वण कमी दिसतात, पुसले जात नाहीत. शिवाय आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लेझरने नवे काळे डाग पडण्याचा धोका असतो. आणि या सगळ्याआधी, वण आपोआपच फिके होत असतात. त्यामुळे सहा महिने काहीही चोळा, ‘फरक पडला’ असं वाटतंच. काळाने केलेल्या कामाचं बिल बाटली वसूल करते.

याहून क्रूर गोष्ट म्हणजे, गोरं दिसायला किंवा गजकर्णावर मेडिकलमधून आपल्याच मनाने आणलेली स्टेरॉइडची क्रीमं महिनोन्‌महिने लावली, की कातडी पातळ होते आणि तिथेच स्ट्रेच मार्क्स उमटतात. एक डाग घालवायला जावं आणि दुसरा घेऊन यावं.

आता दुसऱ्या मंडळींकडे वळते. त्यांचा आवडता शब्द म्हणजे ‘आईपणाचं पदक’. मला मूल नाही. मी कुठला आजारही जिंकलेला नाही. माझे वण नुसतेच आहेत. पदकातली गोम अशी, की ते मिळवावं लागतं. म्हणजे अंगावर रेषा चालतील, पण त्यांच्यामागे त्याग हवा, सांगण्यासारखी कहाणी हवी. वजन वाढून आलेल्या, औषधांमुळे आलेल्या, फक्त वयात आल्याने आलेल्या रेषांना त्या सत्कारात खुर्ची नाही. आणि ‘प्रेम कर’ हेही पुन्हा कामच झालं. मला माझ्या कोपराबद्दल काहीही वाटत नाही. मांडीबद्दलही काही न वाटण्याची मुभा मला हवी आहे.

गेल्या वर्षी मामेबहिणीने विचारलं, “ताई, लग्नाआधी लेझर करून घेऊ का?” एका क्लिनिकने तिला सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं होतं. मी ‘करू नकोस’ म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? मीही दर महिन्याला भुवया कोरून घेते. इच्छा दुसऱ्यांकडून आली म्हणून ती खोटी ठरत नाही. आपली भाषासुद्धा दुसऱ्यांकडूनच आलेली असते. मी एवढंच विचारलं, “आणि नाही गेले तर?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तर त्याला आधी सांगावं लागेल ना.”

सांगावं लागेल! जणू डोक्यावर कर्ज आहे, किंवा आधीचं एखादं लग्न.

तिथे मला इच्छा आणि अट यांतला फरक दिसला. इच्छा म्हणते, कमी झाले तर बरं. अट म्हणते, कमी झाल्याशिवाय नाही. पोहायला जायचं नाही, शॉर्ट्स घालायच्या नाहीत, दिवा चालू असताना जवळ यायचं नाही. इच्छा पुरी झाली नाही तर माणूस हळहळतो आणि पुढे चालू लागतो. अट पुरी होईपर्यंत आयुष्यच ताटकळत बसतं. आणि ही अट तर वैद्यकाच्या हिशोबानेही पुरी होणारी नाही, कारण वण फिके होतात, नाहीसे होत नाहीत.

म्हणून तिला मी जे सांगितलं, तेच इथे लिहिते. पैसे असतील आणि काय होईल, काय होणार नाही हे त्वचारोगतज्ज्ञाने स्पष्ट सांगितलं असेल, तर लेझर जरूर कर. नको वाटलं तर करू नकोस, आणि त्यासाठी स्वतःला वाघीण म्हणवून घ्यायचीही गरज नाही. होणाऱ्या नवऱ्याला आधी सांगण्यासारखं यात काही नाही. फक्त पोहण्याचा क्लास पहिल्या सिटिंगच्या आधी लाव.