सदोष दान

कठोपनिषदातील वाजश्रवसाने दूध आटलेल्या गाई दान दिल्या आणि पुत्र नचिकेत अस्वस्थ झाला. तेथे दोष डोळ्यांना दिसत होता. पण तो दात्यासही ठाऊक नसेल तर?

मृत दात्याच्या मूत्रपिंडाबरोबर क्वचित बुरशीही घेणाऱ्याच्या देहात जाते. कधी ती दात्याच्या शरीरातली असते. कधी मूत्रपिंड ज्या थंड द्रावात ठेवतात, त्यात शिरलेली कॅन्डिडा असते. परके मूत्रपिंड देहाने स्वीकारावे म्हणून रोग्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते. अशा वेळी ही बुरशी रोहिणीची भिंत पोखरून प्राणावर बेतू शकते. द्राव तपासावा, तर बुरशी वाढून दिसण्यास काही दिवस लागतात. मूत्रपिंड मात्र जेमतेम एक-दीड दिवस टिकते.

तेव्हा आधी जाणावे, मग द्यावे, ही सोय येथे नाही. मग नीती कोठे उरते? आम्हांस वाटते, सांगण्यात. रोग्यास ही शक्यता आधी सांगावी. आणि एका मूत्रपिंडात बुरशी आढळताच, त्याच दात्याचे दुसरे मूत्रपिंड जेथे गेले त्या रुग्णालयास तत्काळ कळवावे. 'कागद पुढे गेला नाही' ही सबब आम्हां कचेरीतील माणसांच्या परिचयाची आहे. येथे तिची किंमत एक प्राण असू शकते. अज्ञान क्षम्य आहे. कळल्यानंतरचे मौन नव्हे.