थंडाव्याचा हिशेब

घर बांधायला काढले की आपण दोनच प्रश्न विचारतो: खोल्या किती निघतील आणि खर्च किती येईल? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. हे घर पुढची चाळीस वर्षे थंड राहणार आहे ते कुणाच्या जिवावर? वरवर पाहता हा प्रश्न गवंड्याचा किंवा वीजबिलाचा वाटतो. चामोर्शीसारख्या गावात बसून विचार केला की तो नीतीचा आणि ईमानाचाही आहे हे ध्यानात येते.

आमच्या गावाच्या एका अंगाला वैनगंगा आहे आणि सभोवती जंगल. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तोवर आम्ही चंद्रपूरचेच होतो. त्या चंद्रपुरात महाराष्ट्रातले सर्वांत मोठे सरकारी औष्णिक वीज केंद्र आहे. तिथला कोळसा जमिनीच्या पोटातून येतो, पाणी इरई धरणातून येते आणि तयार झालेल्या विजेचा मोठा वाटा दूर जातो. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब वाहिनी मुंबईच्या बाजूला वीज नेण्यासाठीच टाकली गेली. राख आणि धूर मात्र इथेच राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते.

आता साधा हिशेब करू. औष्णिक विजेच्या एका युनिटमागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. दीड टनी एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. म्हणजे एका खोलीच्या एका रात्रीच्या गारव्यासाठी पाच-सात किलो कोळसा लागला. आपण फक्त बटण दाबतो. कोळसा दिसत नाही, म्हणून पापपुण्याचा विचारही मनाला शिवत नाही.

कुरआन शरीफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच उधळपट्टीला मनाई केलेली आहे आणि उधळ्यांना सैतानाचे भाऊबंद म्हटले आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी प्रेषितांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. या शिकवणीतली खोच आपण नीट पाहिली पाहिजे. नदीला पाण्याची कमतरता नाही, वुजूइतके पवित्र दुसरे कारण नाही, तरीही इसराफ तो इसराफच. पैसे आमचे, बिल आम्ही भरतो, ही सबब इथे चालत नाही. पैसा आपला असेल, पण कोळसा, पाणी आणि हवा ही अमानत आहे.

मग जुने घर बरे होते का? मातीच्या दीड हाती भिंती, वर कवेलू, पुढे सपरी, मागे सांदवाडीत कडुनिंब. जाड भिंत दिवसाचे ऊन आत पोचू देत नसे, कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. सिमेंटचा उघडा स्लॅब नेमके उलटे करतो. दिवसभर ऊन पितो आणि रात्री आपल्यावर ओततो. म्हणून मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की लोक अंगणात बाज टाकतात.

पण जुन्या घराचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. त्या भिंती दरवर्षी लिंपल्या कुणी? जमीन सारवली कुणी? बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात ओल्या सरपणाचा धूर गिळला कुणी? आमच्या आया-बहिणींनी. वानरांनी कवेलू उलटेपालटे केले की पावसाळ्यात भांडी मांडत रात्र काढायची तीही त्यांनीच. अशा बाईने पक्क्या घराचा हट्ट धरला तर तिला पर्यावरणाचे धडे देण्याचा अधिकार आपल्याला नाही. गरिबाला पक्के घर म्हणजे चैन नव्हे. ती त्याची इज्जत आहे.

इजिप्तचे वास्तुकार हसन फतही यांची कहाणी या बाबतीत डोळे उघडणारी आहे. १९४६ साली त्यांनी लक्सरजवळ नव्या गुर्ना गावाची उभारणी सुरू केली. कच्च्या विटा, घुमट, अंगणे. उन्हाळ्यात गार राहणारी, स्वस्त आणि सुंदर घरे. पण ज्यांच्यासाठी ती बांधली त्या गावकऱ्यांनी तिथे जायला नकार दिला. त्यांचे पोट जुन्या गावाशी बांधलेले होते आणि घुमट त्यांना कबरींची आठवण करून देत. याउलट आमच्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्राम उभारले, तेव्हा दवाखाना कसा हवा हे आदिवासींनाच विचारले आणि त्यांच्या झोपड्यांसारखी रचना केली. शहाणपणाचे घरसुद्धा राहणाऱ्याला न विचारता लादले तर तो एक प्रकारचा जुलूमच होतो.

तेव्हा मागे जाण्यात अर्थ नाही. नव्या घरातच जुने शहाणपण आणावे लागेल. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडू नये म्हणून सज्जा किंवा झाड, समोरासमोर खिडक्या, स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे हात, यांना मोठा खर्च येत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी इको-निवास संहिता आणली, तिचाही गाभा हाच आहे: उष्णता आत येऊच देऊ नका. जुना पंखा सत्तर-ऐंशी वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान ठरले.

पण छत ज्याचे स्वतःचे नाही त्याने काय करावे? आपल्यातलेच काही जण टिनाच्या खोल्या बांधून भाड्याने देतात. टिनाखाली बांबूची तट्टी घातली नाही, खिडकी ठेवली नाही, म्हणून मालकाचे चार पैसे वाचतात. तेच पैसे भाडेकरू दरमहा वीजबिलातून भरतो आणि त्याची लेकरे घामोळ्यांतून. मालकाची ही काटकसर म्हणजे आपला खर्च दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे होय. कुणाला इजा पोचवू नये, हे शरीयतचे मूलभूत तत्त्व आहे. चौदाव्या शतकात ट्युनिसच्या इब्न अल-रामी यांनी इमारतींच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. हे गृहस्थ स्वतः गवंडी होते. भिंत, खिडकी, धूर यांवरून शेजाऱ्याला होणारा त्रास हा त्यांच्या लेखी न्यायाचा विषय होता. आपल्या एसीची गरम हवा शेजारच्या खिडकीत सोडताना आपल्याला हा हक्क आठवतो का?

आणखी एक सावधगिरी. विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच दाखवले की यंत्रे सुधारल्यावर कोळसा कमी लागण्याऐवजी एकूण वापर वाढतो. आपलेही तसेच होते. पाच तारे असलेला एसी घेतला म्हणून तो तीन खोल्यांत लावायचा आणि वर बचत केल्याचे समाधान मिरवायचे! यंत्र कार्यक्षम असू शकते, पण 'पुरे' म्हणणे माणसालाच शिकावे लागते.

कुणी म्हणेल, कारखाने एवढी वीज खातात, तिथे आमच्या चार पंख्यांनी काय होणार? प्रश्न रास्त आहे. कारखान्यांना जाब विचारलाच पाहिजे, आणि तो मोहल्ल्यातल्या बचतीने विचारून होत नाही. पण हिसाब ज्याचा त्याला द्यायचा आहे. शेजाऱ्याच्या मोठ्या कर्जाने आपले लहान कर्ज फिटत नाही.

म्हणून मशिदीची कमिटी असो की घरचा कर्ता, बांधकामाच्या पहिल्या बैठकीतच हा तिसरा प्रश्न मांडावा आणि त्या बैठकीत घरातल्या बाईला बसवावे. बैतुलमालमध्ये चार पैसे शिल्लक असतील तर मशिदीत आणखी एक एसी लावण्याआधी टिनाखाली राहणाऱ्या एखाद्या विधवेच्या छताला तट्टी घालावी. पाणी पाजणे आपण सवाब मानतो. आमच्या भागात मे महिन्यात सावली देणेही त्याहून कमी नाही.